खोकल्याची खूण

मला नागपूरला पाठवायची कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, देव जाणे. "हेमांगी, यंत्र तू बनवलंस, आता ते कायद्यात कसं बसवतात तेही बघून ये. एक दिवस बारहात्यांच्या मागे फिर," असं आमच्या साहेबांनी फर्मावलं. म्हणून हिवाळी अधिवेशनातल्या त्या गारठलेल्या सकाळी मी आमदार निवासाच्या फाटकापाशी शाल गुंडाळून, मनातल्या मनात चरफडत उभी होते. उभं आयुष्य प्रयोगशाळेत माणसांचे आवाज ऐकण्यात घालवलेली बाई मी. मला कशाला हवेत आमदार आणि त्यांची निवासं?

मनोहर बारहाते आमच्या कंपनीची सरकारदरबारची कामं बघत. त्यांच्या कार्डावर 'सल्लागार' असं छापलेलं होतं. पुण्यात आम्ही पाठीमागे त्यांना सरळ दलाल म्हणायचो.

"या मॅडम, या! नाश्ता नाही झाला. सांगू नका, चेहराच सांगून राहिला," असं म्हणतच ते आले. साठीच्या आसपासचे, गळ्यात मफलर, अंगात खादीचं जाकीट. आणि आवाज! मी हजारो आवाज कान लावून तपासलेत, पण इतका उबदार आवाज क्वचितच ऐकला असेल. कोपऱ्यावरच्या टपरीवर त्यांनी मला तर्री-पोहे खायला घातले. तर्रीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा म्हणाले, "आता तुम्ही नागपूरच्या झाल्या."

सगळे त्यांना भाऊ म्हणत. चेहरा ओळखून दार उघडणारी यंत्रं फाटकाफाटकावर बसली होती, पण भाऊंना त्यांची गरजच पडत नव्हती. पोलीस, लिफ्टवाला, चहावाली, सगळ्यांची नावं त्यांना पाठ. "दिलीप, पोट्टीची ॲडमिशन झाली का बावा?" "शोभाताई, जावई आता बोलतो ना नीट?" विचारायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचेही. मला वाटलं होतं, हा माणूस पाकिटं वाटत फिरत असेल. हा तर नुसती विचारपूस करत फिरत होता!

"हाच धंदा आहे, मॅडम," ते म्हणाले. "कागद कोणीही पोचवते. माणूस लक्षात ठेवणारा माणूस लागते."

मंत्र्यांचे स्वीय सहायक इंगळे जिन्यातच भेटले. संध्याकाळी आम्हाला त्यांच्याच साहेबांना भेटायचं होतं. भाऊंनी त्यांचा हात हातात घेतला. "काय इंगळे, आईचे गुडघे काय म्हणतात? तेल पोचलं ना मी पाठवलेलं?"

इंगळ्यांचा चेहरा पडला. "भाऊ... आई गेली ना दिवाळीत. तुम्ही तेरवीला आले होते."

क्षणभर भाऊंचे डोळे रिकामे झाले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! हौ ना रे! झोप नाही बावा, अधिवेशन लागलं की डोकं ठिकाणावर राहत नाही. माफ कर." इंगळ्यांनीही हसून वेळ मारून नेली. पण पुढे गेल्यावर, एवढ्या थंडीत, भाऊंनी मफलरने मानेवरचा घाम पुसला. मी ते बघितलं आणि चालत राहिले.

आता आमच्या यंत्राबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. स्मृतिभ्रंशाचा आजार डोक्यात शिरतो तो चोरपावलांनी. घरच्यांना कळेपर्यंत बरीच वर्षं उलटून गेलेली असतात. पण आवाजाला आधी कळतं. माणूस नावं विसरायला लागतो आणि 'तो', 'ते', 'आपलं ते हे' वाढतात. दोन शब्दांमधल्या फटी केसाएवढ्या रुंदावतात, श्वास वाक्याच्या भलत्याच जागी घेतला जातो. आपल्या कानाला हे कळत नाही. आम्ही लाखो माणसांची बोलणी गोळा केली, पुढे कोणाला आजार झाला ते पाहिलं आणि यंत्राला ते फरक ओळखायला शिकवलं. आता दोन-चार मिनिटांचं साधं बोलणं पुरतं. फोनवरचंसुद्धा. औषध मात्र नाही. यंत्र फक्त बातमी देतं, तीही नको तेवढी आधी.

या यंत्राच्या वापरासाठी विधेयक येत होतं आणि त्यातलं सातवं कलम आमच्या कंपनीला सलत होतं. माणसाच्या संमतीशिवाय त्याचा आवाज तपासायचा नाही आणि निकाल तिसऱ्याला सांगायचा नाही, एवढंच ते कलम. ते राहिलं तर धंदा दवाखान्यापुरता. ते उडालं तर बँका, विमा कंपन्या, नोकऱ्या देणारे, सगळं जग गिऱ्हाईक. भाऊंचं आजचं काम एकच होतं, ते कलम उडवायचं. मी? मी तेव्हा फारसा विचार केलेला नव्हता. माझं लक्ष यंत्र बरोबर सांगतं की नाही याकडे.

वरच्या मजल्यावर एक तरुण आमदार पलंगावर मांडी घालून बसले होते. विधेयक तपासणाऱ्या समितीवर होते ते. भाऊंनी सुरुवात केली आणि मी थक्क झाले.

"साहेब, एक बस आहे. घाटातली. चाळीस माणसं. एक बाई लेकराला पाजून राहिली, एक म्हातारा जप करून राहिला. ड्रायव्हर रोजचा, रस्ता रोजचा. वळण आलं..." इथे भाऊंनी श्वास घेतला. "...आणि ड्रायव्हरला आठवत नाही, की ब्रेक कोणता. त्याची संमती कोणी मागायची, साहेब? त्या लेकरानं?"

आमदारांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला. असा अपघात कधी झालेलाच नव्हता. भाऊंनी तो महिनाभर घोटून घोटून तयार केला होता.

"पण हे चालते तरी कसं?" आमदार म्हणाले. "दाखवा ना चालवून."

"माझ्यावरच चालवा, मॅडम!" भाऊ हसत म्हणाले. "होऊन जाऊ द्या."

मी फोन पुढे केला. भाऊ आपल्या मुलीच्या ठरलेल्या लग्नाबद्दल बोलत राहिले, कार्यालय कुठलं, आचारी कोण. "ते आपलं हे... त्या हॉलचं नाव काय ते..." पडद्यावर पट्टी उमटली. तांबडी. जराही शंका नसलेली.

"नेटवर्क गेलं," मी म्हणाले आणि फोन पर्समध्ये टाकला.

"बघा!" आमदार खो खो हसले. "यंत्रच विसरलं!"

भाऊसुद्धा हसले. मी पर्सची चेन ओढून घेतली.

दुपारी सदर भागातल्या एका छोट्या खानावळीत आम्ही जेवायला बसलो. बाहेर कुठलातरी मोर्चा चालला होता आणि वर माणसं मोजणारे ड्रोन घोंघावत होते. मी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"भाऊ, सकाळी नेटवर्क गेलं नव्हतं."

"ते मला तेव्हाच समजलं." भाऊ झुणका कालवत राहिले. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, मॅडम. आमच्या धंद्यात उपाशी मराल."

"सांगू? नको असेल तर नाही सांगत. आवाज तुमचा आहे."

त्यांनी हात धुतला, मफलरला पुसला. "सांगा."

मी सांगितलं. सुरुवात झालेली आहे, असं सांगितलं. जुनं शाबूत राहतं, घोटलेलं तर फारच पक्कं राहतं, पण नवं टिकत नाही, आज ठरवलेलं आजच निसटू शकतं, हेही सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "इंगळेच्या आईच्या तेरवीला मी बुंदी वाढली होती म्हणतात. मला आठवून नाही राहिलं, मॅडम. कोणाला सांगू?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाऊंनी घसा साफ केला आणि आवाजात पुन्हा ऊब आली. "नमस्कार देऊळकर साहेब! हौ, हौ, मे महिन्यातलाच मुहूर्त पक्का..." चांगली दहा मिनिटं बोलले. मी नाइलाजाने ऐकत होते, आणि आता मला प्रत्येक फट ऐकू येत होती.

"होणारे व्याही," फोन ठेवून ते म्हणाले. "अमरावतीचे. चांगली माणसं आहेत. आईवेगळी वाढली माझी केतकी, त्या घरात सासू मिळेल, दोन नणंदा मिळतील. रोज दुपारी फोन करतात. त्यांचा धाकटा भाऊ विम्याच्या कंपनीत आहे." बोलता बोलता ते थांबले. "मॅडम, हे सातवं कलम उडालं, तर ह्या फोनवरूनच...?"

"हो. त्यांनी तपासणी लावली तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"आणि हे मुलीला येऊ शकते?"

"शक्यता थोडी वाढते. अगदी थोडीच."

"थोडीच पुरते," भाऊ म्हणाले. "स्थळ मोडायला थोडीच पुरते."

खरंच सांगते, ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. पायलट, सर्जन, ड्रायव्हर, सगळ्यांचा विचार आम्ही केला होता. आपल्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा आधी तिच्या घराण्याचं काय काय बघतात, याचा कोणी केला नव्हता. पत्रिकेआधी आता बापाचा आवाज जुळवून बघतील! मला माझीच लाज वाटली.

"कलम राहिलं पाहिजे," भाऊ एकदम म्हणाले. "संध्याकाळी मी मंत्र्यांना उलटं सांगतो. कंपनी गेली खड्ड्यात."

"माझीही नोकरी जाईल."

"जाईल," ते म्हणाले. आणि आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसातलं तेवढंच एक खरं हसू.

मी म्हटलं, मुद्दे लिहून घ्या. त्यांनी साफ नकार दिला. "कागद बघून बोलणाऱ्याचं इथे कोणी ऐकत नाही. एक करा. मी घसरलो, जुनंच सुरू केलं, तर खोका. जोरात. मी सावरून घेतो. पण तिथे तोंडानं एक शब्द नाही. माझं हे बाहेर पडलं तर केतकीचं गेलं. शपथ घ्या."

मी शपथ घेतली.

मंत्र्यांच्या दालनाबाहेर आम्ही किती वेळ ताटकळलो, ते विचारू नका. भाऊ पुटपुटत नवं बोलणं घोटत होते. "साहेब, मी आज वेगळंच सांगायला आलो. आवाज माणसाचा असते, कंपनीचा नसते..." चांगलं जमत होतं. मला आशा वाटायला लागली होती.

दिवे लागले तेव्हा आत बोलावलं. मंत्री, त्यांचे सचिव आणि दाराशी इंगळे. "या भाऊ!" मंत्री म्हणाले. "विधेयक उद्या मंजुरीसाठी मांडायचंय. तुमच्या सातव्या कलमाचं काय करू, ते झटपट सांगा."

"साहेब, मी आज वेगळंच सांगायला आलो," भाऊंनी सुरुवात केली. मी श्वास रोखला. "आवाज माणसाचा असते. तो..."

इंगळे सह्यांची फाइल घेऊन पुढे झाले. मंत्र्यांनी सह्या केल्या. मग कोणाचा तरी फोन आला, त्यावर चार शब्द बोलले. कोणीतरी चहा ठेवला. मग मंत्री वळले. "हं, बोला. कुठे होतो आपण?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मंत्र्यांकडे पाहिलं. सकाळी जिन्यात झाले होते तसेच त्यांचे डोळे रिकामे झाले. आणि मग त्यांचा चेहरा खुलला. त्यांना आठवलं होतं.

"साहेब, एक बस आहे," ते म्हणाले. "घाटातली."

मी खोकले.

भाऊ थांबले. वळून त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. "इंगळे, मॅडमना पाणी द्या बावा. पुण्याच्या आहेत, आपली थंडी सोसत नाही त्यांना."

सगळे हसले. माझ्या हातात ग्लास आला. "चाळीस माणसं," भाऊ म्हणाले. "एक बाई लेकराला पाजून राहिली..."

मी पुन्हा खोकले, घसा फाटेस्तोवर खोकले. मंत्र्यांनी स्वतःची बाटली माझ्याकडे सरकवली. भाऊ बोलत राहिले. शब्द तेच, म्हातारा तोच, वळणाआधीचा श्वास त्याच जागी. इतकं सुंदर ते सकाळीही बोलले नव्हते.

"सर," माझ्याच्याने राहवेना. "मला वाटतं, संमती असू द्यावी."

मंत्र्यांच्या कपाळावर आठी पडली. "मॅडम, कलम काढा हा तुमच्याच कंपनीचा अर्ज आहे ना? आता अचानक काय झालं? कारण सांगा."

कारण माझ्या शेजारीच बसलं होतं, मफलर गुंडाळून. माझ्याकडे कौतुकाने बघत होतं. "शास्त्रज्ञ आहेत साहेब," भाऊ म्हणाले, "त्यांना शंका येतच राहतात."

मी काय करायला हवं होतं? यांना आजार आहे, यांनी दुपारी वेगळं ठरवलं होतं आणि आता ते विसरले, असं सांगायचं? म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय त्यांचा निकाल तिसऱ्याला सांगायचा. ते कलम वाचवायचं तर ते मलाच मोडायला लागणार होतं! आणि शपथ घेतली होती. मी ग्लासातलं पाणी प्यायले.

"काढा सात," मंत्री सचिवांना म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर भाऊ खुशीत होते. "काय मॅडम, पाहिलं ना काम? तुम्ही मात्र आल्याचा चहा घ्या, खोकला बरा नाही तुमचा..."

आणि मधल्याच पायरीवर थांबले. हात कठड्यावर गेला.

"मॅडम, दुपारी आपण जेवायला बसलो होतो ना?"

"हो, भाऊ."

"मी आत काय बोललो?"

उत्तर त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

"तुम्ही खोकल्या का नाहीत?"

"खोकले. तुम्ही पाणी मागवलंत."

ते पायरीवरच बसले. येणारे-जाणारे नमस्कार करत होते, ते सवयीने हात वर करत होते. मीही त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडू कोसळलं. ते रडले नाहीत. मफलरचं टोक माझ्यापुढे केलं फक्त.

खिशातला फोन वाजायला लागला. पडद्यावर देऊळकरांचं नाव. भाऊ बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिले. कायदा लागू व्हायला अजून अवकाश होता, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"उचला," ते अगदी हळू म्हणाले. "सांगा, भाऊंचा घसा बसला."

कायदा झाला. मी राजीनामा दिला, पण त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. यंत्राला माझी गरज उरलेलीच नव्हती. कंपनीने भाऊंचं काम एका तरुण पोराकडे दिलं. न बोलणारा सल्लागार घेऊन काय करायचं? फोनवर नाही, समोर नाही, भाऊंनी बोलणंच टाकलं होतं. आधी लोक म्हणाले घशाचं दुखणं आहे, मग म्हणाले मुलीच्या लग्नासाठी मौन धरलंय. देऊळकरांना तर फार कौतुक वाटलं म्हणे, काय श्रद्धाळू माणूस!

लग्न मे महिन्यात लागलं. मी गेले होते. केतकी देखणी पोर, कपाळ बापाचं. भाऊ दारात हात जोडून उभे होते. एकेकाचे हात हातात घेत होते, पण कोणाच्या आईबद्दल, कोणाच्या पोरीबद्दल चकार शब्द नाही. मलाही नुसता नमस्कार केला. ओळखलं की नाही, सांगता आलं नाही.

अक्षता पडल्या. व्हिडिओवाल्याने माइक आणून त्यांच्यासमोर धरला. "मुलीच्या वडिलांनी दोन शब्द!" देऊळकर मंडळी पुढच्याच खुर्च्यांवर होती आणि त्यांचा तो विमा कंपनीतला धाकटा भाऊ हौसेने फोनवर चित्रण करत होता. भाऊंनी लेकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा भरून आला. सगळं विसरून त्यांनी माइक हातात घेतला, छातीत श्वास भरला आणि तोंड उघडलं.

मी खोकले.

भाऊंनी मान वळवून गर्दीत मला शोधलं. क्षणभर नुसते बघत राहिले. मग तोंड मिटलं, माइक परत दिला आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना खूण आठवली, की एका बाईला खोकला झालाय एवढंच त्यांना कळलं, मला आजतागायत माहीत नाही. थोड्या वेळाने पंगतीतून एक वाढपी माझ्याकडे आला. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता. भाऊंनी बोट दाखवून पाठवला होता, असं तो म्हणाला.